पाणी जातं, गोडवा उरतो

मार्च-एप्रिलमध्ये तासगाव-कवठेमहांकाळ भागातून गेलं, की माळावर बेदाण्याची शेडं दिसतात. वर छत, बाजू मोकळ्या आणि आत एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरलेली हिरवी द्राक्षं. साधारण चार किलो द्राक्षांचा दोन आठवड्यांत एक किलो बेदाणा होतो. कमी झालं ते जवळजवळ सगळं पाणी. साखर मण्यातच राहिली.

जर्मनीतली उशिरा खुडलेल्या द्राक्षांची गोड वाइन याच हिशेबावर उभी आहे. ऱ्हाइनकाठच्या योहानिसबर्गची कथा अशी सांगतात, की १७७५ साली काढणीची परवानगी घेऊन फुल्डाहून निघालेला घोडेस्वार फार उशिरा पोहोचला. तोवर मणी वेलीवरच सुरकुतले होते, त्यांवर बुरशी चढली होती. तरीही वाइन केली आणि ती अपूर्व निघाली. त्या स्वाराचा पुतळा आज तिथे उभा आहे.

मण्यावरची पांढुरकी झाक मेणाची असते. मेणाचे सूक्ष्म पापुद्रे आतलं पाणी अडवून धरतात. जर्मनीत हा अडसर बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी साल भेदून काढते. मात्र त्यासाठी सकाळी धुकं आणि दुपारी कोरडं ऊन लागतं. नुसतीच ओल राहिली तर मणी कुजतात. आपल्याकडे तेच काम डिपिंग ऑइल करतं. लिटरभर पाण्यात सुमारे १५ मिलिलिटर तेल आणि २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट घालून त्यात घड बुडवतात. मेणाची घडण सैल होते आणि साल न फाटता पाण्याला वाट मिळते.

पुढे साखरच राखण करते. ‘ट्रॉकनबेरेनआउसलेझे’ म्हणजे निवडून घेतलेल्या वाळल्या मण्यांची वाइन. तिच्या रसात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त साखर असते. इतकी दाट साखर यीस्टच्या पेशीतलं पाणी ओढून घेते. यीस्ट लवकर थकतं, अल्कोहोल थोडंच बनतं आणि गोडवा शिल्लक राहतो. बेदाण्यातही साधारण १५ टक्के पाणी उरतं, पण साखर ते सूक्ष्मजीवांच्या हाती लागू देत नाही. म्हणून बेदाणा टिकतो.

सगळी भिस्त हवेवर. एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आला, की हवा दमट होते, वाळणं रेंगाळतं, मणी काळवंडतात आणि सौद्यात दर पडतो. एरवी पावसाळ्यातले ढग सह्याद्री ओलांडतानाच रिते होतात. म्हणून माण-खटावपासून जतपर्यंतचा पट्टा कोरडा. ज्या कोरडेपणानं या तालुक्यांच्या कपाळी दुष्काळ लिहिला, त्याच कोरड्या वाऱ्यावर सांगलीचा बेदाणा वाळतो आणि भौगोलिक मानांकन मिरवतो.