स्वतःलाच आवरणारे प्रथिन

सीताबर्डीच्या किल्ल्याच्या टेकडीखालील मेन रोडवरचा जुना कापडव्यापारी, गोदामात ठाण पडून राहू लागले म्हणजे, नव्या मालाची मागणी तहकूब करतो. परंतु त्यासाठी त्याला मुनीम लागतो, खतावणी लागते आणि ती रोज तपासणारी नजर लागते. यांपैकी काहीही ज्यापाशी नाही, त्या एकपेशीय जिवाणूने हाच बंदोबस्त कसा साधावा, हा जीवशास्त्रातील मोठा मनोवेधक प्रश्न आहे.

याच नागपुरात 1958 साली स्थापन झालेल्या आणि आज 'नीरी' या नावाने परिचित असलेल्या संस्थेसारख्या प्रयोगशाळा ज्याचे अस्तित्व पाण्याच्या दूषिततेची खूण मानतात, तो ई. कोलाय जिवाणू अनुकूल स्थितीत सुमारे 20 मिनिटांत द्विगुणित होतो. त्यासाठी प्रथिने घडविणारे हजारो रायबोसोम त्याला सिद्ध ठेवावे लागतात. आणि प्रत्येक रायबोसोम आर.एन.ए.चे 3 रेणू व 50हून अधिक प्रथिने यांच्या संयोगाने बनत असल्यामुळे, एखादे प्रथिन गरजेहून अधिक निपजणे हा पेशीच्या शक्तीचा निव्वळ अपव्यय होय.

1980 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील मासायासु नोमुरा व त्यांचे सहकारी यांनी या कोड्याची जी उकल मांडली, ती तिच्या साधेपणामुळेच मला विलक्षण वाटते. एल-1 नावाच्या प्रथिनाचे नियत स्थान रायबोसोममधील 23एस आर.एन.ए.वर असते, आणि तेथील आकर्षण प्रबळ असल्यामुळे जागा रिकामी आहे तोवर ते तेथेच जाऊन बसते. जागा भरून प्रथिन शिल्लक उरले, की मात्र ते आपल्याच निर्मितीचे फर्मान वाहणाऱ्या संदेशवाहक आर.एन.ए.ला बिलगते, कारण त्या संदेशाच्या आरंभी त्या मूळ स्थानाशी साम्य असलेली घडी असते. मग रायबोसोमला वाचनाचा प्रारंभच करता येत नाही. त्याच संदेशात आधी येणाऱ्या एल-11 या प्रथिनाची निर्मिती त्यामुळे थांबते, आणि एल-1चे वाचन एल-11च्या वाचनाशी जखडलेले असल्याने तेही आपोआप खुंटते. एका जागी मनाई झाली, की दोन्ही जिनसांची आवक बंद!

सारे मर्म आहे ते या दोन आकर्षणांच्या तफावतीत. संदेशाचे आकर्षण जर अधिक प्रबळ असते, तर रायबोसोमची गरज भागण्यापूर्वीच एल-1ने स्वतःची निर्मिती रोखली असती.

आर.एन.ए.ला चिकटणाऱ्या इतर प्रथिनांतही ही रीत आढळते. आर.एन.ए.चे तुकडे करणारे आर.एन.एज-ई हे विकर तर याहून एक पाऊल पुढे जाते: त्याचे प्रमाण वाढले, की ते स्वतःच्याच संदेशाचा अधिक वेगाने उच्छेद करू लागते.