सौर पॅनेलची बोटभर जोडणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरावर सौर संच बसवताना आपण पॅनेल कोणत्या कंपनीचं, इन्व्हर्टर किती किलोवॅटचा, अनुदान किती, याची कसून चौकशी करतो. पॅनेलमागे लोंबणाऱ्या काळ्या कनेक्टरबद्दल मात्र कुणी विचारत नाही. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली, शेतात सौर कृषिपंप उभे राहिले, आणि असे कनेक्टर राज्यात गावोगावी पोचले. कोकणातला खारा वारा, विदर्भातलं ४५ अंशांचं ऊन आणि सगळीकडचा पावसाळा त्यांना वर्षानुवर्षं सोसायचा असतो. हे सगळं ते सोसतातही, पण जोडणी नीट झाली असेल तरच. दुर्दैवाने याबाबतचे गैरसमज ग्राहकांइतकेच काम करणाऱ्यांमध्येही आहेत.

गैरसमज १ : ‘आयपी ६८’ लिहिलंय, म्हणजे पाण्याची चिंता नको.

वस्तुस्थिती : यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे आत धूळ अजिबात शिरत नाही. पाण्याचा ७ म्हणजे १ मीटर खोलीपर्यंत ३० मिनिटं बुडवून घेतलेली चाचणी. ८ साठी याहून कडक चाचणी लागते, पण खोली आणि वेळ उत्पादक ठरवतो. बुडवण्याची चाचणी पास झाली म्हणून जोरदार फवाऱ्याची झाली असं होत नाही. फवाऱ्यासाठी ५ आणि ६ हे वेगळे आकडे आहेत. शिवाय हे संरक्षण मिळतं ते कनेक्टरचे दोन्ही भाग पूर्ण बसलेले आणि मागचा नट नीट आवळलेला असेल तेव्हाच. काम अर्धवट असताना उघडी राहिलेली टोकं एका पावसात खराब होतात. त्यांना टोपणं लावायलाच हवीत. आणि रेटिंग काहीही असो, कनेक्टर स्लॅबवरच्या डबक्यात पडून राहता कामा नये. तो टायने चौकटीला बांधावा आणि केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारं पाणी कनेक्टरपर्यंत न जाता झोळावरूनच ठिबकून जातं.

गैरसमज २ : सगळे ‘एमसी४’ सारखेच. टक्कन बसलं की झालं.

वस्तुस्थिती : एमसी४ हा मूळचा मल्टी-कॉन्टॅक्ट या स्विस कंपनीचा कनेक्टर, ही कंपनी आता स्टॉबली नावाने ओळखली जाते. आतली पिन ४ मिलिमीटरची. पुढे अनेकांनी तशाच आकाराचे कनेक्टर काढले आणि ‘एमसी४ला चालणारे’ म्हणून विकले. ते एकमेकांत बसतात, पण पिनवरचा मुलामा, स्प्रिंगचा दाब, रबरी सीलची जाडी आणि प्लॅस्टिकचा प्रकार वेगळा असतो. सकाळ-संध्याकाळच्या तापण्या-निवण्यात हे भाग कमी-जास्त प्रसरण पावतात आणि पकड सैल होते. म्हणूनच आयईसी ६२५४८ हे आंतरराष्ट्रीय मानक एकाच उत्पादकाचे, एकाच प्रकारचे कनेक्टर जोडायला सांगतं. पॅनेलला कारखान्यातूनच कनेक्टर येतो. त्याची जोडी त्याच कंपनीची आणा.

गैरसमज ३ : पकडीनं दाबलं, वर टेप गुंडाळली, की काम पक्कं.

वस्तुस्थिती : केबलमधल्या बारीक तारा पिनच्या नळीत शिरतात आणि क्रिम्पिंगच्या अवजाराने चहूबाजूंनी सारख्या दाबल्या जातात. दाब बरोबर पडला की तारांमध्ये हवेला जागाच उरत नाही. साध्या पकडीनं नळी नुसती चपटी होते, मध्ये पोकळ्या राहतात, तिथे हवा आणि ओल पोचते आणि तांबं काळं पडतं. क्रिम्प केल्यावर पिन हाताने ओढून पाहावी. एक तार जरी बाहेर राहिली असली तरी ती पिन कापून नवी लावावी. टेपमुळे पाणी थांबत नाही, उलट एकदा आत गेलेलं पाणी तिच्याखाली अडून बसतं. गंज सोडवणारे तेलकट फवारेही मारू नयेत. काही प्लॅस्टिकना त्यांनी तडे जातात.

गैरसमज ४ : एमसीबी पाडला की कनेक्टर ओढायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : घरातला एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. पॅनेलचा डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. चालू प्रवाहात कनेक्टर सोडवला तर ठिणगीची सलग ज्योत होते आणि प्लॅस्टिक व हात दोन्ही भाजतात. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर बंद, क्लॅम्प मीटरवर प्रवाह शून्य असल्याची खात्री, आणि त्यानंतरच कनेक्टर सोडवायचा. तेव्हाही ऊन असेतो पॅनेलच्या टोकांवर व्होल्टेज असतंच, हे विसरू नये.

गैरसमज ५ : जोडणी बिघडली तर वीजनिर्मिती घटेल आणि ॲपवर कळेलच.

वस्तुस्थिती : कळत नाही, आणि खरा धोका इथेच आहे. चांगल्या जोडणीचा रोध ओहमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तो गंजून ०.१ ओहम झाला आणि १० अँपिअर प्रवाह वाहत असला, तर तिथे फक्त १ व्होल्ट खर्च होतो. ४०० व्होल्टच्या संचात हा पाव टक्का; ॲपला त्याचा पत्ताही लागत नाही. पण त्याच वेळी बोटभर प्लॅस्टिकच्या आत १० वॅट उष्णता तयार होत असते. उष्णतेने स्प्रिंग ढिली पडते, रोध आणखी वाढतो, आणि हे चक्र प्लॅस्टिक वितळेपर्यंत चालतं. म्हणून वर्षातून एकदा, भर उन्हात संच चालू असताना, जाणत्या तंत्रज्ञाकडून थर्मल कॅमेऱ्याने सगळे कनेक्टर तपासून घ्यावेत. शेजाऱ्यांपेक्षा गरम दिसणारा कनेक्टर दोन्ही बाजूंनी बदलावा.

पॅनेलला २५ वर्षांची हमी मिळते. जोडणीची हमी मात्र ती करणाऱ्याच्या हातात असते. त्यामुळे पुढचं कोटेशन घ्याल तेव्हा त्यात तीन ओळी लिहून मागा : कनेक्टर कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या मॉडेलचे, क्रिम्पिंग कोणत्या अवजाराने करणार, आणि पहिली तपासणी कधी. लाख-दोन लाखांच्या कामात या तीन उत्तरांचा खर्च अगदी किरकोळ आहे आणि ती मागणं हा तुमचा हक्क आहे.