उत्तर चुकले, चूक तुमची की सॉफ्टवेअरची? ‘आर’मधला बग कसा सापडतो, कसा दुरुस्त होतो? समजून घ्या

नाशिक : कोड तोच, आकडे तेच; पण प्रॅक्टिकलच्या वहीत उत्तर एक आणि लॅपटॉपवर दुसरेच. अशा वेळी विद्यार्थी आधी स्वतःला दोष देतो, मग लॅपटॉपला. सॉफ्टवेअरच चुकले असेल, अशी शंका फार कमी जणांना येते. आली तरी ती कुठे आणि कशी कळवायची, हे माहीत नसते. संख्याशास्त्रासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मात्र अशाच एका शंकेमुळे मोठी दुरुस्ती झाली आहे.

‘आर’ म्हणजे काय?

न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 1990च्या दशकात ‘आर’ तयार केले. 29 फेब्रुवारी 2000 रोजी त्याची 1.0.0 ही आवृत्ती आली. हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड कोणीही वाचू शकतो, तपासू शकतो.

महाराष्ट्राला ते नवे नाही. सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख या पुण्याच्या प्राध्यापकांचे ‘आर’वरील पाठ्यपुस्तक 2008 मध्येच आले. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प ‘आर’चा प्रसार करतो. नाशिकची महाविद्यालये ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याच्या बीएस्सी संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमातही ‘आर’ आहे.

आधी तपासा : हा खरेच बग आहे का?

समजा, लासलगाव बाजार समितीतील कांद्याच्या भावांची फाइल ‘आर’मध्ये घेतली. त्यातली 03/04/2024 ही तारीख नमुना न सांगता दिली, तर ‘आर’ ती इसवी सन 3 मधली 20 एप्रिल समजते! हा बग नाही. ‘आर’ आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमाने तारीख वाचते. आपला क्रम वेगळा असेल तर तो सांगावा लागतो, आणि हे सूचनापत्रात लिहिलेले आहे.

‘1,850’ असा स्वल्पविरामासह लिहिलेला भावही ‘आर’ला आकडा वाटत नाही, मजकूर वाटतो. तसेच 0.1 आणि 0.2 यांची बेरीज 0.3 आहे का, असे विचारले तर ‘नाही’ असे उत्तर मिळते. संगणक हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत तंतोतंत साठवू शकत नाही, म्हणून असे होते. तोही बग नाही.

सूचनापत्रात लिहिले आहे एक आणि सॉफ्टवेअर करते दुसरेच, तेव्हा तो बग.

मग खरा बग कसा असतो?

यादीतून चिठ्ठ्या काढाव्यात तसे नमुने निवडण्यासाठी ‘आर’मध्ये ‘सॅम्पल’ नावाचे फंक्शन आहे. प्रत्येकाला समान संधी मिळावी, ही त्यातली मूळ अट. यादी फार मोठी असेल तर ही अट पाळली जात नाही, हे केली ओटोबोनी आणि फिलिप स्टार्क या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवून दिले.

कारण समजायला सोपे आहे. जुन्या पद्धतीत सुमारे 429 कोटी वेगवेगळ्या चिठ्ठ्या उपलब्ध होत्या. यादीत सुमारे 172 कोटी संख्या असतील, तर दर दोन संख्यांच्या वाट्याला पाच चिठ्ठ्या येतात. एकीला 3, दुसरीला 2. परिणामी विषम संख्या 60 टक्के वेळा, तर सम संख्या 40 टक्के वेळा निवडल्या गेल्या. हजार-दोन हजारांच्या यादीत हा फरक जाणवतही नाही. पण 172 कोटी म्हणजे भारताच्या लोकसंख्येपेक्षा थोडीच मोठी संख्या.

सर्वांत गंभीर बाब म्हणजे प्रोग्राम बंद पडत नव्हता, लाल अक्षरांत इशाराही येत नव्हता. चुकीचे उत्तर गुपचूप मिळत होते.

दुरुस्ती झाली, पण...

हा बग ‘आर’च्या बगझिला या नोंदप्रणालीत 17494 या क्रमांकाने नोंदला गेला. डंकन मर्डोक यांनी दुरुस्तीचा कोड दिला. एप्रिल 2019 मध्ये आलेल्या 3.6.0 आवृत्तीत पद्धत बदलली. आता मर्यादेबाहेरची चिठ्ठी निघाली की ती टाकून देऊन पुन्हा काढली जाते.

मात्र त्यामुळे जुनी उत्तरेही बदलली. सीड 123 ठेवून 1 ते 10 अंकांची सरमिसळ केली, तर जुन्या आवृत्तीत 3, 8, 4, 7 अशी सुरुवात होते. नव्या आवृत्तीत 3, 10, 2, 8. जुन्या वहीतील उत्तर नव्या लॅपटॉपशी न जुळण्याचे हे एक कारण असू शकते. अशा वेळी दोन्ही उत्तरे आपापल्या आवृत्तीत बरोबर असतात. जुने निकाल पुन्हा काढता यावेत म्हणून जुन्या पद्धतीचा पर्यायही ठेवला आहे.

बग कसा कळवायचा?

1. आधी नवी आवृत्ती टाकून पाहा. बग कदाचित दुरुस्त झालेला असेल.
2. बग मूळ ‘आर’मध्ये आहे की एखाद्या पॅकेजमध्ये, हे ओळखा. पॅकेजचा असेल तर त्याच्या देखभालकर्त्याला कळवा. ‘मेंटेनर’ हे फंक्शन त्याचे नाव सांगते.
3. पूर्ण प्रोजेक्ट पाठवू नका. कोड कापत कापत चार-पाच ओळींवर आणा. त्या ओळी चालवल्या की समोरच्यालाही तीच चूक दिसली पाहिजे.
4. काय अपेक्षित होते आणि काय मिळाले, दोन्ही लिहा.
5. ‘सेशन इन्फो’ हे फंक्शन चालवून आलेली माहिती जोडा. त्यात ‘आर’ची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि पॅकेजेस कळतात.
6. बगझिलावर स्वतःहून खाते उघडता येत नाही. स्पॅममुळे ते विनंती करून मिळवावे लागते.

पुढे काय होते?

नोंदीला क्रमांक मिळतो. इतर जण तोच कोड चालवून खात्री करतात. कोणी दुरुस्ती सुचवतो. मूळ कोडमध्ये बदल करण्याचा अधिकार मात्र ‘आर कोअर टीम’च्या मोजक्या सदस्यांनाच असतो. त्यात दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील दीपायन सरकार यांचाही समावेश आहे. बदल मान्य झाला की नव्या आवृत्तीच्या बातमीपत्रात त्याची नोंद होते, बऱ्याचदा कळवणाऱ्याच्या नावासह.

येथे ग्राहक सेवा केंद्र नाही आणि ठरलेली मुदतही नाही. नोंद जितकी नेमकी, तितकी ती लवकर तपासली जाण्याची शक्यता जास्त. त्यासाठी मोठी पदवी लागत नाही. चार ओळींचा कोड आणि संयम लागतो.

आणि बग सापडो वा न सापडो, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘आर’ची आवृत्ती आणि सीड जरूर लिहा. दोन वर्षांनी कोणी तुमचे उत्तर तपासायला बसले, तर चूक नेमकी कुठे आहे, हे त्याला त्यावरूनच शोधता येईल.