शाळेतील नवरात्र आणि कौत्साचा धडा

भाद्रपद सरता सरता सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो आणि शेतकरी ज्यास ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतो, त्याच्या सरी शिवारावर कोसळू लागतात. रब्बीच्या पेरणीला ओल देणारा हा पाऊस. त्याच सुमारास आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात, झेंडूच्या माळा चढू लागतात, आणि शाळेच्या फळ्यावर एखादी हौशी विद्यार्थिनी रंगीत खडूने पाटावरचा हत्ती रेखाटते. घराच्या देव्हाऱ्यातील नवरात्र असे पावलापावलाने शाळेच्या अंगणात येते. ते तेथे कसे साजरे व्हावे, हा प्रश्न आम्हांस लहान वाटत नाही; कारण सणाचे जे रूप बालमनावर प्रथम ठसते, तेच पुढे जन्मभर सोबत करते.

भोंडल्याचेच पाहा. कोठे ह्यास भोंडला म्हणतात, कोठे हादगा. विदर्भ-खानदेशाकडे भुलाबाई येते. पाटावर रांगोळीने अथवा धान्याने हत्ती काढावा, त्याची पूजा करावी, भोवती फेर धरून गाणी म्हणावीत आणि शेवटी झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखावी, एवढा हा साधा खेळ. परंतु त्या फेरात प्रत्येकीचा हात दुसरीच्या हातात असतो. कोण पुढे, कोण मागे, असा भेद वर्तुळात उरत नाही. शाळेला ह्याहून सुंदर सण कोणता मिळणार?

तरीही ह्याच खेळात एक काटा लपलेला असतो. काही वर्षांपूर्वी एका प्राथमिक शाळेतील भोंडला पाहण्याचा योग आम्हांस आला. प्रत्येक मुलीने घरून खिरापत आणावी, असे शाळेने कळविले होते. डबे एकामागून एक उघडत होते. करंज्या, सुक्या मेव्याच्या वड्या, दुकानातील मिठाई असे पदार्थ निघत होते. एका मुलीची पाळी आली. तिने डबा हलविला. खुळखुळ आवाज झाला. “शेंगदाणे?” “फुटाणे?” “बत्तासे?” प्रत्येक प्रश्नाला ती मान हलवून नकार देई, आणि तिचा चेहरा अधिकाधिक उतरत जाई. वर्गाच्या बाईंच्या ध्यानात काहीतरी आले. त्यांनी डबा हाती घेतला, झाकण किंचित उघडून पाहिले आणि म्हणाल्या, “ही खिरापत उद्याची बरं का!”

डब्यात चिंचोके होते. घरात देण्याजोगे काही नव्हते. परंतु डबा वाजला तरी पाहिजे, म्हणून पोरीने ते भरले होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगितले की, ह्यापुढे खिरापत एकच, शाळेची. ज्याला जमेल त्याने मूठभर पोहे आणावेत, कोणी गुळाचा खडा, कोणी काहीच नाही. सारे एका पातेल्यात जाईल आणि कोणाचे काय, हे कोणी विचारणार नाही. मग त्यांनी पाटावर तांदळाचा हत्ती काढला आणि त्या मुलीस जवळ बोलावून म्हटले, “तुझ्याजवळचे दोन चिंचोके दे पाहू, आपल्या हत्तीला डोळे हवेत.” तो हत्ती पाहता झाला, आणि ती मुलगीही मान वर करून पाहू लागली. पूजा म्हणजे काय, हे आम्हांस त्या दिवशी नव्याने उमगले.

दसऱ्याची कथा तरी दुसरे काय सांगते? ती मूळची शाळेचीच कथा आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स. विद्या पूर्ण झाल्यावर त्याने गुरुदक्षिणेचा आग्रह धरला. तेव्हा गुरूंनी चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. कौत्स रघुराजाकडे गेला. पण विश्वजित यज्ञात सर्वस्व दान करून राजा रिक्त झालेला, अर्घ्यदेखील मातीच्या पात्रातून देणारा. याचक विन्मुख जाऊ नये म्हणून रघूने कुबेरावर स्वारीची सिद्धता केली, आणि कुबेराने राजाचे कोशागार सुवर्णाने भरून टाकले. राजा म्हणे, सारे घे. कौत्स म्हणे, गुरुदक्षिणेहून एक मुद्राही अधिक नको. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात हा प्रसंग अमर केला आहे. उरलेले सोने आपट्याच्या झाडातळी लोकांनी लुटले, ही लोकपरंपरेची जोड.

आज आपण लुटणे तेवढे ध्यानात ठेवले आणि कौत्साचा नकार विसरलो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात आपट्याच्या फांद्यांचे भारे येतात. आपटा पुरेना म्हणून त्याच कुळातील कांचनाची झाडे ओरबाडली जातात. आणि दुसऱ्या दिवशी ते ‘सोने’ रस्त्यावर तुडविले जाते. शाळेने मुलांस एवढेच सांगावे: एका मुलाने एकच पान आणावे, तेही फांदी न मोडता. ते पान प्रथम गुरुजींस द्यावे आणि गुरुजींनी ते परत मुलाच्या हाती ठेवावे. आवारात जागा असेल तर आपट्याचे एक रोप लावावे आणि त्याला पाणी घालण्याची पाळी वर्गावर्गाने घ्यावी. असे सोने वर्षानुवर्षे वाढत जाईल.

नवरात्रातील अन्य विधीही शाळेत सहज रुजण्यासारखे आहेत. प्रतिपदेस मातीत धान्य पेरावे आणि अंकुरांची उंची मुलांनी नऊ दिवस वहीत मांडावी. दशमीस तेच अंकुर टोपीत वा केसांत खोवावेत. मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन व श्रवणावर विसर्जन होते. त्या दिवसांत एकेका मुलाने आपल्या आवडत्या पुस्तकाविषयी चार वाक्ये सांगावीत. खंडेनवमीस शाळेची घंटा, माळ्याचे खुरपे, शिपायाचा झाडू ह्यांस हळदकुंकू वाहावे, म्हणजे कोणतेही काम हलके नाही, हे न सांगता कळेल. दसऱ्यास एकाच्या आकड्यांनी रेखलेली सरस्वती पाटीवर अवतरते. पाटी आता अनेक शाळांतून गेली आहे; तरी त्या एका दिवसापुरती ती अवश्य आणावी. कारण अक्षर पुसता येते आणि पुन्हा गिरविता येते, हा धीर पाटीइतका दुसरे कोणी देत नाही.

वर्गात परप्रांतीची मुले असतात. कोणाच्या घरी गरबा, कोणाच्या घरी दुर्गापूजा, कोणाच्या घरी बाहुल्यांचा कोलू मांडलेला. केरळात तर विजयादशमीसच बालकांस अक्षरारंभ करवितात. त्यांस आपापल्या घरची रीत सांगू द्यावी. अन्य धर्माच्या मुलांवर पूजेचा आग्रह नसावा. खिरापतीत मात्र त्यांचा वाटा सर्वांइतकाच असावा.

ह्या साऱ्यास खर्च जवळजवळ नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले, तेव्हा परिसरातील पाने, फुले, शंख-शिंपले हीच बालशिक्षणाची साधने होऊ शकतात, हे दाखवून दिले. सणांनाही तोच न्याय लागू आहे. महागडे पोशाख आणि बक्षिसांची स्पर्धा ह्यांत सण हरवतो. मूठभर धान्यात तो सापडतो.

म्हणून आमची माता-पित्यांस विनंती आहे की, ह्या नवरात्रात मुलाचा डबा भरताना त्यात शेजारच्या बाकावरील मुलासाठीही एक घास ठेवावा, आणि तो कोणासाठी आहे, हे मात्र कोणास सांगू नये. पाटावरचा हत्ती सारे पाहतच असतो.