गाडीची अडलेली काच

गतवर्षी नाशिकात पावसाळा तोंडावर आला असता एका पालकांच्या जुन्या गाडीची काच अर्ध्यावरच अडली. "मोटर जळाली, नवी बसवा," असा सल्ला त्यांस मिळाला. तो खरा होता काय?

गाडीच्या दारात बॅटरीच्या १२ व्होल्टांवर चालणारी लहानशी मोटर असते. वीज व चुंबक यांच्या योगे अखंड फिरणारी गती १८२१ साली मायकेल फॅरडे यांनी प्रथम दाखविली. लहानपणी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असत. त्यांनी दाखविलेल्या तत्त्वावरच ही मोटर फिरते व दातेरी चाके आणि तारेची दोरी यांच्या साहाय्याने काच उचलते.

प्रथम बटण दाबून कान द्यावा. आवाज येऊनही काच हलत नसेल, तर दोरी किंवा दाते तुटले असावेत. काच मंद चढत असेल, तर रबरी खाचेतील धूळ पुसावी. आवाजच नसेल, तर फ्यूज पाहावा. मग दाराचे आतील आवरण काढून मोटरीच्या जोडणीस तपासणीचा दिवा लावावा व बटण दाबावे. दिवा पेटला व मोटर मात्र स्तब्ध राहिली, तरच दोष तिचा. बहुधा आतील कार्बन झिजलेले असतात. मोटर सोडविण्यापूर्वी काच चिकटपट्टीने चौकटीस घट्ट बांधावी, नाही तर ती कोसळून बोटांस इजा होते.

त्या पालकांचा दिवा पेटलाच नाही. दाराच्या नित्य उघडझापीने बिजागरीपाशी वायर तुटली होती. ती जोडताच काच चढली. तपासल्यावाचून दोष ना यंत्रास द्यावा, ना माणसास.