खडीच्या वनवाटा, सायकल आणि वहिवाटीचा हक्क

ग्रॅव्हल सायकल म्हणजे शर्यतीच्या सायकलीसारखे वळणदार हँडल, परंतु सुमारे 40 मिलिमीटर रुंदीचे टायर असलेली सायकल होय. टायरमध्ये हवा कमी ठेवल्याने खडीवर पकड वाढते, हादरे घटतात. तथापि मोटारविरहित भ्रमंतीचा खरा प्रश्न हक्काचा आहे. इंग्लंड व वेल्समध्ये 1968 च्या कायद्याने सायकलस्वारास ब्रायडलवे या घोडेस्वारांच्या वाटा खुल्या झाल्या. पादचारी व घोडेस्वारांना प्राधान्य देण्याचे बंधन मात्र घातले गेले. (घोड्याच्या पुण्याईने सायकलीस वाट मिळाली, असेच म्हणावयाचे!) 2000 च्या कायद्याने माळराने खुली केली, तीही केवळ पायी फिरणाऱ्यांना. उलट स्कॉटलंडने 2003 मध्ये जबाबदार वर्तनाच्या अटीवर बहुतांश भूमी सायकलींसही खुली केली. किल्डरच्या जंगलातील लाकूडवाहतुकीचे खडीरस्ते सायकलीस उत्तम. परंतु वृक्षतोडीच्या काळात असे रस्ते बंद होऊ शकतात, आणि तेव्हा इंग्लिश सायकलस्वारापाशी बहुधा हक्क नसतो, केवळ परवानगी असते.