गाडीत पाणी शिरते कुठून? जुन्या मोटारीची गळती शोधण्याचे हुनर

पावसाळ्याच्या पहिल्या दोन-चार सरी पडून गेल्या की गॅरेजवाल्यांकडे एक ठरलेली तक्रार सुरू होते. "उस्ताद, गाडीत पाणी येतेय. कुठून येतेय, समजत नाही." गॅरेजवाला गाडीकडे बघतो, काचेच्या रबरावरून बोट फिरवतो आणि म्हणतो, "रबर गेलंय, बदलून टाकू." रबर बदलले जाते, बिल होते. पुढच्या पावसात पाणी पुन्हा तिथेच.

हा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. आमच्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे. तयार कपड्यांचे नमुने घेऊन गावोगावच्या दुकानांत जाण्यासाठी ती वापरतो. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले, तरी छोट्या व्यापाऱ्याला ही गाडी अजून परवडते. एका पावसाळ्यात मागच्या डाव्या सीटपुढे, पाय ठेवण्याच्या जागेत पाणी साचू लागले. तिथे ठेवलेला नमुन्यांचा एक गठ्ठा खालून भिजला, कापडाला डाग पडले आणि वास सुटला. ते नमुने पुन्हा गिऱ्हाइकापुढे ठेवण्याच्या लायकीचे राहिले नाहीत.

पहिल्या गॅरेजने पुढच्या काचेचे रबर बदलले. दुसऱ्याने काचेच्या चारी बाजूंनी सिलिकॉन भरले. तिसऱ्याने सांगितले की चारही दरवाजांची रबरे नवी लागतील. तोवर दोन बिले भरून झाली होती आणि पाणी थांबले नव्हते. शेवटी एका वयस्क डेंटरकडे गाडी नेली. त्यांनी रबराला हात लावण्यापूर्वीच विचारले, "शेठ, गाडी रात्री कुठे उभी करता? सपाटीवर की चढावर?"

या एका प्रश्नात सगळे हुनर आहे. आमची गाडी घरासमोरच्या चढावर, तोंड वर करून उभी असते. म्हणजे पुढे कुठेही शिरलेले पाणी मॅटखालून वाहत मागे जाणार. पाणी मागे दिसत होते म्हणून ते मागून येत होते असे नाही. पाणी जिथे दिसते तिथून ते शिरलेले असतेच असे नाही, हे या कामातले पहिले सूत्र.

आधी वाळवा, मग शोधा

ओल्या गाडीत गळती सापडत नाही. मॅटच्या खाली नमदा असतो. वरचे मॅट एका दिवसात वाळल्यासारखे वाटते, पण खालचा नमदा कित्येक दिवस पाणी धरून राहतो. म्हणून सीट काढावी, मॅट आणि नमदा बाहेर काढून उन्हात टाकावा आणि खालचा पत्रा कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. गिऱ्हाईक घाई करते, पण ही पायरी गाळली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

पत्रा वाळल्यावर त्या डेंटर चाचांनी दोन गोष्टी केल्या. फरशीच्या पत्र्यावर जुनी वर्तमानपत्रे अंथरली आणि दरवाजाच्या उंबऱ्याजवळ व डॅशबोर्डखालच्या उभ्या पत्र्यावर खडूची बारीक पूड भुरभुरली. पाण्याचा एक थेंब जरी ओघळला तरी पुडीत त्याची वाट उमटते आणि कागदावर ओला डाग पडतो. या यंत्राला खर्च काही नाही.

पाणी खालून वर

मग पाणी मारण्याचा कार्यक्रम. एक माणूस टॉर्च घेऊन आत बसतो, दुसरा बाहेर पाइप धरतो. येथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, सर्व्हिस स्टेशनच्या जोरदार फवाऱ्याने पाणी मारणे. तेवढ्या दाबाने चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसते आणि खोटी गळती दिसते. पाण्याची धार साध्या पावसासारखी मंद हवी. दुसरी चूक म्हणजे छतापासून सुरुवात करणे. वरून ओतलेले पाणी काच, दरवाजा, उंबरा अशा सगळ्या जागांवरून वाहते, मग नेमके कुठून शिरले ते कसे कळणार?

म्हणून सुरुवात खालून करावी. आधी उंबरा आणि दरवाजाचा खालचा भाग, मग दरवाजाची काच, मग वायपरखालची जाळी, मग पुढची काच आणि शेवटी छत. प्रत्येक जागी पाच ते दहा मिनिटे पाणी मारावे आणि आतल्या माणसाने "कोरडे आहे" म्हटल्याशिवाय पुढे सरकू नये. धीर नसलेल्या माणसाचे हे काम नाही.

ब्लोअर असलेल्या गाडीत आणखी एक युक्ती आहे. सर्व काचा-दरवाजे बंद करून बाहेरची हवा आत घेणारा ब्लोअर पूर्ण वेगाने चालू ठेवावा आणि बाहेरून काचेच्या रबरावर व जोडांवर साबणाचे पाणी ब्रशने लावावे. जिथे फट आहे तिथे आतली हवा बाहेर पडते आणि बुडबुडे येतात.

पाणी शिरण्याच्या ठरलेल्या वाटा

जुन्या गाडीत पाणी शिरण्याच्या वाटा फार नसतात. त्या पाठ असल्या की निम्मे काम होते.

पहिली वाट, वायपरखालची जाळी. बॉनेट आणि काच यांच्यामध्ये एक पन्हळ असते. तिच्यातले पाणी दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जाते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ही भोके पाने आणि मातीने बुजतात. पन्हळ भरली की पाणी ब्लोअरच्या हवेच्या वाटेने आत येते आणि पुढे बसणाऱ्याच्या पायावर पडते. ही गळती बंद करायला नवा सुटा भाग लागत नाही, एक तार आणि पाण्याचा पाइप पुरतो.

दुसरी वाट, पुढची-मागची काच. जुने रबर कडक होते आणि आक्रसते. पण पुष्कळदा दोष रबरात नसून त्याखालच्या गंजलेल्या पत्र्यात असतो. पत्राच खाल्ला गेला असेल तर नवे रबरही बसत नाही. आधी पत्र्याचे काम करावे, मग रबर.

तिसरी वाट, दरवाजा. येथे एक गोष्ट पुष्कळ गिऱ्हाइकांना माहीत नसते. खाली-वर होणाऱ्या काचेच्या पट्टीतून दरवाजाच्या पोकळीत पाणी नेहमीच जाते, आणि ते जाणारच. ते बाहेर पडावे म्हणून दरवाजाच्या तळाला भोके ठेवलेली असतात आणि ते आत येऊ नये म्हणून आतल्या पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. भोके चिखलाने किंवा गंजविरोधी रंगाने बुजली तर दरवाजात पाणी साठते. दरवाजा हलवताच आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. आणि प्लास्टिकचा कागद फाटला असेल तर पाणी उंबऱ्यावरून सरळ मॅटखाली जाते.

चौथी वाट, दरवाजाच्या चौकटीचे रबर. ते तपासायला कागदाची पट्टी मध्ये धरून दरवाजा लावावा आणि पट्टी ओढावी. ती अडकत अडकत निघाली तर रबर ठीक आहे. सहज सुटून आली तर तिथे दाब नाही. पण तेवढ्यावरून रबर बदलू नये. बिजागरी झिजून दरवाजा लोंबला असेल किंवा कुलपाचा खुंटा सरकला असेल तरी दाब कमी होतो. तो खुंटा थोडा आत घेतला की काम होते.

पाचवी वाट, छत. छताच्या कडेच्या पन्हळीतला मसाला वर्षांनी तडकतो. एरियलचे किंवा कॅरिअरचे जुने भोक कोणीतरी नुसत्या रंगाने बुजवलेले असते. सहावी वाट, डिकी. टेललॅम्पच्या मागचे रबर बसले की पाणी थेंबाथेंबाने आत येते. ज्या गाड्यांत स्टेपनीची खळगी डिकीच्या तळाशी असते, तिथे ते महिनोन् महिने साचून राहते. सातवी वाट, फरशी. पत्र्यातली रबरी बुचे निघालेली असतात किंवा पत्रा सडलेला असतो. ओळखण्याची खूण अशी की, उभ्या गाडीवर कितीही पाऊस पडला तरी आत कोरडे राहते, पण साचलेल्या पाण्यातून गाडी चालवली की भिजते.

सगळेच पाणी पावसाचे नसते

पाऊस नसताना गाडी भिजत असेल तर वाट वेगळी. एसी चालू असताना स्वच्छ पाणी पायाशी ठिबकत असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली आहे. चांगल्या गाडीत हे पाणी रस्त्यावर पडते. पाणी चिकट असेल, त्याला गोडसर वास असेल आणि काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल तर तो कुलंट आहे, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर गळतो आहे. ही गळती चालढकल करण्याची नाही. कुलंट कमी होत गेला तर इंजिन तापून मोठे नुकसान होते.

आमच्या गाडीचे काय झाले?

चाचांनी पुढच्या डाव्या दरवाजाच्या काचेवर पाणी सोडले आणि सातव्या-आठव्या मिनिटाला खडूच्या पुडीत एक बारीक वाट उमटली. दरवाजाचे पॅड काढले. काही वर्षांपूर्वी आम्ही दरवाजात स्पीकर बसवून घेतले होते. बसवणाऱ्याने प्लास्टिकचा कागद मधोमध फाडून तसाच लोंबता सोडला होता. पाणी तिथून येत होते, उंबऱ्याच्या आतून नमद्याखाली शिरत होते आणि चढामुळे मागे जाऊन साचत होते. पुढच्या काचेचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.

उपाय साधा होता. जाड पॉलिथिनचा कागद मापाने कापला, न सुकणाऱ्या काळ्या चिकट पट्टीने चारी बाजूंनी बसवला आणि त्याची खालची कड दरवाजाच्या पोकळीत वळवून घातली, म्हणजे पाणी दरवाजातच पडावे. तळाची भोके तारेने मोकळी केली. संध्याकाळी पुन्हा पाणी मारून पाहिले, कागद कोरडा राहिला.

मात्र एक नुकसान होऊन गेले होते. दुसऱ्या गॅरेजने काचेभोवती भरलेले सिलिकॉन सिरक्यासारख्या आंबूस वासाचे होते. हे सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि ते उघड्या पत्र्याला गंज चढवते. काचेच्या कोपऱ्यात रबराखाली गंज सुरू झाला होता. तो घासून, प्रायमर लावून वेगळे बिल भरावे लागले. कारागीर बांधवांना आमची विनंती आहे की, मोटारीच्या पत्र्यावर असे सिलिकॉन वापरू नका. रबराखाली न सुकणारा, मोटारीच्या काचेसाठीचाच मसाला भरा.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

ओली फरशी म्हणजे गळतीच, असेही नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूणने तेच पाहिले. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला येऊ शकते. सौदा करण्यापूर्वी मॅट उचलून पाहा, सीटचे बोल्ट गंजलेत का ते पाहा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर मातीची रेघ आहे का ते पाहा. गळतीचे पाणी एका वाटेने येते, पुराचा गाळ मात्र कानाकोपऱ्यात बसतो.

शोधण्याची मजुरी

आता धंद्याचे बोलू. चाचांनी आमच्याकडून अर्ध्या दिवसाची मजुरी आणि पॉलिथिनचे किरकोळ पैसे घेतले. आधीच्या दोन बिलांच्या मानाने ते काहीच नव्हते. आम्ही विचारले, "चाचा, एवढेच?" ते म्हणाले, "शोधण्याचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक म्हणते, काय बदलले ते दाखवा."

दुखणे इथेच आहे. सुटा भाग बदलला तर गिऱ्हाईक पैसे देते, दोष शोधला तर देत नाही. त्यामुळे कारागीरही शोधण्याऐवजी बदलण्याकडे वळतो. दोष एकट्या कारागिराचा नाही, आपलाही आहे. आमच्या मते गॅरेजवाल्यांनी बिलावर "गळती तपासणी" अशी स्वतंत्र ओळ लिहावी, तिचा दर आधी सांगावा आणि गिऱ्हाइकाला बोलावून पुडीत उमटलेली पाण्याची वाट दाखवावी. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर माणूस वाद घालत नाही. काम झाल्यावर पुन्हा पाणी मारून, कोरडा कागद दाखवून मगच गाडी ताब्यात द्यावी.

या कामाला भांडवल जवळजवळ लागत नाही. पाइप, टॉर्च, खडूची पूड, जुनी वर्तमानपत्रे आणि धीर एवढे पुरते. डेंटिंग, कुशन किंवा वायरिंगचे काम शिकलेल्या तरुणाला मे महिन्यापासून या एका तपासणीवर नाव कमावता येईल. जुन्या गाड्या अजून वर्षानुवर्षे रस्त्यावर राहणार आहेत आणि पाऊस दरवर्षी येणार आहे.

आम्ही त्यानंतर त्या चाचांकडे चार गाड्या पाठवल्या. आधीच्या दोन गॅरेजकडे एकही नाही.